कन्व्हर्जन थेरपीवरची बंदी आणि ख्रिस्ती माणसाचं स्वातंत्र्य: सहा आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सचा माझा अनुभव

आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण मी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर या कोर्सची लिंक टाकली तेव्हा पहिलाच रिप्लाय आला, "ताई हे धर्मांतर बंदी कायद्याबद्दल आहे का?" नाही. कन्व्हर्जन म्हटलं की आपल्याला धर्मांतरच आठवतं, पण इथला विषय कन्व्हर्जन थेरपी हा आहे. म्हणजे गे, लेस्बियन किंवा ट्रान्स माणसाला समुपदेशन करून, प्रार्थना करून, उपास करायला लावून, कुठे कुठे तर औषधं आणि शॉक देऊन "नॉर्मल" करायचा प्रयत्न. यावर बऱ्याच देशांत बंदी आलीये आणि ख्रिस्ती लोकांमध्ये त्यावरून सरळ दोन तट पडलेत. काही म्हणतात बंदी पाहिजेच, काही म्हणतात उद्या आमच्या प्रार्थनेवरच पोलीस येतील. आणि बरेच जण माझ्यासारखे, दोन्हीकडचं थोडं थोडं पटणारे, मध्येच अडकलेले.

कोर्स सहा आठवड्यांचा, दर आठवड्याला दीड तास, झूमवर. शिकवणं इंग्लिशमध्ये, पण मराठी बोलणाऱ्यांचा वेगळा चर्चागट करून दिला होता, आम्ही नऊ जण. चालवणाऱ्यांचं नाव इथे देत नाहीये कारण पुढे तक्रारीपण लिहिणार आहे आणि ती माणसं मनापासून काम करतात, नाव घेऊन त्यांना त्रास द्यायचा नाहीये. पाचपैकी मी चार देईन. एक का कापला ते पाचव्या सेशनच्या वेळी सांगते.

मी का घेतला हे सांगितल्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी तरुण संघ बघायचे. एक मुलगा होता, गिटार वाजवायचा, उपासनेच्या आधी सगळ्यात लवकर येऊन खुर्च्या लावायचा. एकदा त्याने रडत रडत मला सांगितलं की त्याला मुलं आवडतात आणि त्याला हे नकोय. मी त्याला रागावले नाही, मिठीच मारली. आणि मग मला जे येत होतं ते मी केलं. आम्ही तिघी-चौघांनी तीन दिवस उपास धरला, त्याच्या कपाळाला तेल लावून डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मोठ्यांदा, ते आत्मे निघून जावेत म्हणून. पुढे दर रविवारी मी त्याला बाजूला घेऊन विचारायचे, "आता कसं वाटतंय?" तो म्हणायचा, "बरं वाटतंय ताई." तीनेक महिने हे चाललं. मग तो यायचा बंद झाला. आता तो कुठे आहे कसा आहे मला माहीत नाही, आणि जिथे जिथे मी "आमच्या प्रार्थनेवर बंदी आणताय का" असं वाचायचे तिथे तिथे मला तो "बरं वाटतंय ताई" ऐकू यायचा. म्हणून घेतला.

पहिलं सेशन साधं होतं, पवित्र शास्त्रातली कुठली वचनं कोण कशी वाचतं त्याची ओळख. ज्यांनी या विषयावर आधी काही वाचलंय त्यांनी सोडलं तरी चालेल.

दुसऱ्या सेशनला मात्र मी पेन खाली ठेवलं नाही. विषय होता की "बदल होतो" असं सांगणाऱ्या ख्रिस्ती संस्थांचं पुढे काय झालं. एक्झोडस इंटरनॅशनल हे नाव मी आधी ऐकलं होतं, पण गोष्ट पूर्ण माहीत नव्हती. अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेली, असं काम करणाऱ्या संस्थांची सगळ्यात मोठी छत्री संघटना. सुरू करणाऱ्यांपैकीच एक जण, मायकल बसी, काही वर्षांतच बाहेर पडला आणि २००७ मध्ये त्याने जाहीर माफी मागितली. मग शेवटचा अध्यक्ष ॲलन चेंबर्स. २०१२ च्या सुरुवातीला तो म्हणाला की त्याला भेटलेल्या लोकांपैकी ९९.९ टक्के लोकांचा लैंगिक कल, म्हणजे कोणाबद्दल आकर्षण वाटतं ते, बदललेला नाही. पुढच्याच वर्षी, जून २०१३ मध्ये, त्याने दुखावलेल्या लोकांची माफी मागितली आणि संस्थाच बंद केली. सदतीस वर्षं चाललेलं काम. आणि हे बोलणारा कोणी बाहेरचा टीकाकार नाही, विश्वासणारा माणूस, जो स्वतः त्या खुर्चीवर बसला होता. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या ख्रिस्ती समुपदेशकांच्या संघटनेनंही आपल्या सदस्यांना सांगितलं की असली थेरपी थांबवा. म्हणजे "हे सगळं जगाचं कारस्थान आहे" असं जे आपल्याकडे बोललं जातं ते खरं नाही, यातला बराच पश्चात्ताप आपल्या घरातूनच आलाय. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २००९ च्या अहवालाबद्दलही सांगितलं, की अशा प्रयत्नांनी कल बदलतो याला पुरेसा पुरावा नाही आणि काही लोकांना त्यातून नैराश्य, आत्महत्येचे विचार असा त्रास झालेला दिसतो. मी नुसती ऐकत बसले होते, कॅमेरा बंद करून.

तिसऱ्या सेशनमध्ये वेगवेगळे ख्रिस्ती लोक काय म्हणतात ते होतं आणि इथे आमच्या मराठी गटाची चर्चा मूळ सेशनपेक्षा छान झाली, खरंच. चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनडने, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय सभेने, जुलै २०१७ मध्येच सरकारला बंदी आणा म्हणून सांगितलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये जगभरच्या ३७० हून जास्त धर्मपुढाऱ्यांनी मिळून असंच आवाहन केलं, त्यात दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेसमंड टुटू होते. दुसऱ्या बाजूला ब्रिटनमधल्या इव्हँजेलिकल अलायन्ससारख्या संस्था म्हणतात की जबरदस्ती, मारहाण, शॉक हे सगळं चूकच आहे, त्याला आमचाही विरोध आहे, पण कायद्याची व्याख्या एवढी सैल ठेवू नका की कोणी स्वतःहून येऊन माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणाला तर पाळक म्हणजे पास्टरच गुन्हेगार ठरेल. कॅथलिक शिकवण एकीकडे विवाहाबाबत जुनीच भूमिका धरते आणि दुसरीकडे गे माणसांना आदराने, दयेने, संवेदनशीलपणे वागवा, अन्यायाचा भेदभाव करू नका असं कॅटेकिझममध्येच, म्हणजे त्यांच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकातच, लिहून ठेवते. आणि एक चौथा गट, ज्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलतच नाही, ते म्हणजे स्वतः गे असलेले ख्रिस्ती जे म्हणतात की आमचा कल बदललेला नाही, बदलेल असंही वाटत नाही, पण आम्ही आमच्या विश्वासामुळे ब्रह्मचारी राहायचं ठरवलंय. या लोकांना दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. मंडळीतले म्हणतात तुझा विश्वास कमी आहे म्हणून बदल होत नाही, बाहेरचे म्हणतात तू स्वतःला दडपतोयस.

आमच्या गटात एक निवृत्त पाळक होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. विवाहाबद्दल त्यांचं मत अगदी जुन्या वळणाचं, एक इंचही हलत नाहीत. पण ते म्हणाले, "प्रेषित पौलाने देवाकडे तीनदा मागितलं तरी त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही, आणि आम्ही सोळा वर्षांच्या पोराला सांगतो की विश्वास असेल तर महिन्यात निघेल. हे वचन देवाने दिलेलं नाही, आपण आपल्या मनाने दिलंय." त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आता चौथं सेशन, ज्याच्यासाठी हा कोर्स घ्यावा. फक्त हे एक जरी मिळालं तरी घ्या. त्यांनी काय केलं, स्क्रीनवर चिठ्ठ्या टाकल्या, प्रत्येक चिठ्ठीवर एक कृती. पाळक उपदेशात सांगतो की विवाह स्त्री-पुरुषाचाच. आई बंद खोलीत एकटी मुलासाठी प्रार्थना करते. लायसन्सवाला काउन्सेलर सतरा वर्षांच्या मुलाशी फक्त बोलतो, मुलाच्याच म्हणण्यावरून. तीस वर्षांचा माणूस स्वतः येऊन म्हणतो मला ब्रह्मचारी राहायचंय, माझ्यासोबत प्रार्थना करा. आणि एक चिठ्ठी होती, तरुण मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सुटकेची प्रार्थना, म्हणजे आत्मे निघून जावेत म्हणून करतात ती. मग चार ठिकाणच्या कायद्यांचे मूळ शब्द समोर ठेवले, व्हिक्टोरिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिकेतलं कोलोराडो, आणि म्हणाले आता तुम्हीच लावा, कुठली चिठ्ठी कुठे बंदीत बसते आणि कुठे नाही.

करून बघितल्यावर कळतं की "बंदी" हा एक शब्द आहे पण कायदे सारखे अजिबात नाहीत. कोलोराडोचा २०१९ चा कायदा फक्त लायसन्स असलेल्या मानसोपचारवाल्यांना लागू, आणि समोरचा अठरा वर्षांच्या आतला असेल तरच. धार्मिक सेवा करणाऱ्याला त्यात सरळ सूट आहे. म्हणजे तिथे काकांना काही भीती नाही, भीती काउन्सेलरला. न्यूझीलंडचा २०२२ चा, जो ११२ विरुद्ध ८ मतांनी पास झाला, त्यात अल्पवयीन किंवा स्वतःचे निर्णय घेऊ न शकणाऱ्या माणसावर केलं तर गुन्हा, आणि गंभीर इजा झाली तर कुठल्याही वयात गुन्हा, पण समोरच्याला बदलायचा किंवा दडपायचा हेतू नसताना नुसतं आपला धार्मिक विश्वास बोलून दाखवणं हे कायद्यातच वगळलंय. कॅनडाचा जानेवारी २०२२ पासून लागू झाला, खालच्या सभागृहात एकमताने. तिथे हा गुन्हा क्रिमिनल कोडमध्ये गेलाय, एखाद्याला अशा थेरपीतून जायला लावलं तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग, आणि मोठा माणूस स्वतः हो म्हणाला तरी सूट नाही. व्याख्येत नुसता कल नाही तर वागणूक कमी करायचा प्रयत्नसुद्धा येतो, आणि तिथल्या मंडळ्यांची भीती नेमकी त्या शब्दावर होती, ब्रह्मचर्यासाठी मदत मागणाऱ्याचं काय म्हणून. अर्थात आपली ओळख समजून घ्यायला मदत करणं, अमुकच ओळख चांगली असं गृहीत न धरता, हे तिथेही चालतं.

आणि व्हिक्टोरिया. ऑस्ट्रेलियातलं राज्य, कायदा २०२१ चा, फेब्रुवारी २०२२ पासून लागू. यात प्रार्थना हा शब्दच लिहिलेला आहे. प्रार्थनेवर आधारलेली कृती, सुटकेची प्रार्थना, भूत काढणं, सगळं नाव घेऊन. समोरच्याची संमती असो वा नसो. हे वाचून गटातल्या दोघी एकदम म्हणाल्या, बघा, हेच आम्ही सांगत होतो! मग शिकवणाऱ्या बाईंनी आधीची ओळ परत वाचायला लावली. कृती त्या माणसाला उद्देशून पाहिजे, त्याच्या कलामुळे किंवा लिंगओळखीमुळे केलेली पाहिजे, आणि तो कल किंवा ओळख बदलण्यासाठी, दडपण्यासाठी किंवा त्याने तो बदलावा-दडपावा म्हणून केलेली पाहिजे. म्हणजे आई एकटी बंद खोलीत बोलतेय ती नाही. सगळ्या मंडळीला केलेला उपदेशही नाही. पण तीस वर्षांचा माणूस आणि त्याचं ब्रह्मचर्य? "दडपणं" या शब्दाखाली ते येतं का यावर आम्ही चाळीस मिनिटं भांडलो आणि एकमत झालंच नाही, आणि मला वाटतं कायदाच तिथे धूसर आहे. मोठ्या, शहाण्या, स्वतःहून आलेल्या माणसाने काय मागावं हे सरकारने ठरवू नये असं माझं ठाम मत आहे आणि तिथे व्हिक्टोरियाचा कायदा नको तितका पुढे जातो. त्याच देशातल्या न्यू साउथ वेल्सने नंतर २०२४ मध्ये कायदा केला तेव्हा उपदेश, प्रार्थना, विश्वास सांगणं यात काय चालतं ते बऱ्यापैकी उघड लिहिलं, म्हणजे इच्छा असली तर जमतं.

पण शेवटची चिठ्ठी. डोक्यावर हात, सुटकेची प्रार्थना, तरुण मुलगा. मी ती उचलली आणि व्हिक्टोरियाच्या रकान्यात ठेवली, मग कॅनडाच्या, मग न्यूझीलंडच्या, कारण तो तेव्हा अठराचा नव्हता. मी कोणाला काही बोलले नाही. एकीने विचारलं, "ताई, पण मुलानेच मागितली असेल तर?" मी म्हटलं, त्याने प्रार्थना मागितली होती, दर रविवारी हिशोब मागितला नव्हता. तेव्हा त्यांना कळलं मी कोणाबद्दल बोलतेय.

माझं जे काही मत बनलं ते इथे बनलं. आपण सगळं भांडण "प्रार्थना" या शब्दावर करतो, पण जखम प्रार्थनेने होत नाही, तिला जे निकालाचं आश्वासन चिकटवलेलं असतं त्याने होते. अमुक केलंस तर बदलशील, बदलला नाहीस तर तुझ्यातच खोट. कोणी रडत आला आणि त्याच्याजवळ बसून देवाचं नाव घेतलं, याला कोणी हात लावू नये. पण कार्यक्रम आखून, मुदत घालून, लेकराकडून "बरं वाटतंय" वदवून घेणं, याला धर्मस्वातंत्र्य म्हणून पाठीशी घालायला मी यापुढे तयार नाही. आणि ज्या मंडळीने आधी माफी मागितली नाही तिने स्वातंत्र्याची मागणी केली तर ज्याचं आयुष्य विस्कटलं त्याला ती कशी ऐकू येणार, हाही प्रश्न आहेच.

आता पाचवं सेशन, जिथे मी मार्क कापला. विषय धर्मस्वातंत्र्य, पाहुणे एक वकील. दीड तासातला सव्वा तास फक्त अमेरिका. कॅली चाइल्स नावाच्या कोलोराडोतल्या ख्रिस्ती काउन्सेलरची केस, जिची सुप्रीम कोर्टात ७ ऑक्टोबर २०२५ ला सुनावणी झाली. केस महत्त्वाची आहे, वाद समजून घेण्यासारखा आहे. ती म्हणते मी फक्त बोलते, कोणावर काही लादत नाही, माझ्याकडे येणाऱ्याला जे हवंय त्यात मदत करते, म्हणजे हे माझं भाषणस्वातंत्र्य आहे. राज्य म्हणतं हे भाषण नाही, हा उपचार आहे, आणि चुकीचा उपचार थांबवायचा आम्हाला अधिकार आहे. डॉक्टरने सल्ला दिला तर तो बोलणं की उपचार, हा प्रश्न डोक्यात राहतोच. पण अहो, बाकीचं जग? २०१६ मध्ये बंदी आणणाऱ्या माल्टाला दोन वाक्यं, जिथे एका माणसावर मुलाखतीत आपली साक्ष सांगितल्यावरून खटला भरला गेला, आणि स्वातंत्र्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम उदाहरण तर तेच होतं! ब्रिटनमध्ये २०१८ ला सरकारने शब्द दिला आणि मग नुसता मसुदा-मसुदा चाललंय, त्याचं सेशनमध्ये नावही नाही. आपल्याकडे मद्रास हायकोर्टाने जून २०२१ मध्ये असे "बरं करायचे" प्रयत्न थांबवायला सांगितले आणि २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं, हे मी चॅटमध्ये लिहिलं तर "नोटेड" एवढंच उत्तर. बरं, वकील साहेबांनी सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली पण ज्यांना त्रास झाला त्यांच्याबद्दल एक शब्द नाही. मागची तीन सेशन ऐकून आलेल्या लोकांसमोर हे फार टोचलं.

दुसरी तक्रार, कल आणि लिंगओळख या दोन गोष्टी सगळीकडे एकाच वाक्यात गुंडाळल्या. बहुतेक कायदे दोन्ही एकत्र घेतात हे खरं, पण ख्रिस्ती पालकांची घालमेल दोन्हींबाबत वेगवेगळी असते. मुलगा गे आहे हे स्वीकारलेली आई, मुलगी मी मुलगा आहे म्हणाली तर थांब, जरा वेळ घेऊ, डॉक्टरशी बोलू म्हणते, तेव्हा ती थेरपी करते का? तिला भीती वाटते की हो ठरेल. यावर एक पूर्ण सेशन पाहिजे होतं. मिळाली दहा मिनिटं.

स्लाइड्स अक्षरांनी गच्च भरलेल्या, मोबाइलवर वाचता येत नाहीत, लॅपटॉप असेल तरच घ्या. रेकॉर्डिंग मिळतं पण चर्चागटाचं नाही, आणि ते बरोबरच आहे, लोक तिथे खूप आतलं बोलतात. कोणी स्वतः यातून गेलेलं असेल तर दुसरं आणि तिसरं सेशन एकट्याने बघू नका, कोणाला तरी सोबत घ्या. सुरुवातीला तसं सांगतात पण घाईत सांगतात.

सहाव्या सेशनमध्ये होमवर्क होता, आपल्या मंडळीसाठी एक पानभर लिहायचं, कोणी येऊन आपल्याला हे सांगितलं तर आपण काय करणार आणि काय करणार नाही. काकांनी आणि मी मिळून मराठीत लिहिलं. कल बदलेल असं आश्वासन कोणालाही देणार नाही. अठराच्या आतल्या मुलाला एकट्याला घेऊन सुटकेची प्रार्थना करणार नाही. त्याच्या परवानगीशिवाय आईवडिलांना, कमिटीला, कोणालाही सांगणार नाही. त्याने मागितली तर सोबत प्रार्थना करू आणि नंतर निकाल विचारणार नाही. आपली शिकवण काय आहे ते त्याने विचारलं तर लपवणार नाही. हा शेवटचा मुद्दा काकांनी हट्टाने घातला आणि मला तो पटला.

पुढची बॅच कधी ते अजून कळवलेलं नाही, पण जुन्या लोकांना चौथ्या सेशनच्या चिठ्ठ्या वापरायची परवानगी दिलीये. आमचे सध्याचे पाळक या सगळ्याला विरोध करतील असं मला वाटत होतं, ते म्हणाले आधी मला कायद्याचे शब्द दाखवा मग बोलू. शनिवारी संध्याकाळी येणार आहेत. चिठ्ठ्या मराठीत करून, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून ठेवल्यात, ती शेवटचीसुद्धा.